सणाची पोळी आणि बावीस प्रतिज्ञा

श्रावण लागला की आपल्या वस्त्यांत कुरबुरी सुरू होतात. पोळा, गौरी-गणपती, पित्तरपाठ, नवरात्र, दिवाळी. चार महिने हेच. कुणाच्या घरातून पुरणाचा वास आला, कुणाच्या पोरानं गणपती मागितला, कुणाची सासू घटाला बसली. कार्यकर्ते जातात, जाब विचारतात. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर आणि चुलीवर पुरण, हे कसं काय? म्हातारी म्हणते, डाळ माझी, गूळ माझा, बाबासाहेबांनी गोड खायला बंदी केली का रं? पोरगं गप्प बसतं, नाहीतर आवाज चढवतं. उत्तर दोघांकडंही नसतं.

हे भांडण मी किरकोळ समजत नाही. त्यात दोन प्रश्न अडकलेत. सण सोडायचा म्हणजे नेमकं काय सोडायचं, हा एक. आणि मी जे सोडलं ते दुसऱ्याकडून सोडवून घ्यायचा मला अधिकार आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आपण घाईनं देतो. दुसरा तर विचारतच नाही.

पहिल्याला दोन तयार उत्तरं आहेत. एक म्हणजे सगळं जाळा, पुरणापासून पणतीपर्यंत. दुसरं म्हणजे सण ही संस्कृती आहे, तिचा धर्माशी काय संबंध, आनंद घ्यावा. हे दुसरं बहुतेक वेळा नोकरीत स्थिरावलेल्या, कॉलनीत राहायला गेलेल्या आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकू येतं. सोसायटीत गणपती बसतो, वर्गणी नाही दिली तर शेजारी ओळखतील, ही भीती त्याला असते. भीतीला संस्कृती म्हटलं की बरं वाटतं.

दोस्तहो, आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण भाषणात ठोकतो की हिंदूंनी आम्हाला सणांतून बाहेर ठेवलं. तसं नाही. देवळातून बाहेर ठेवलं, पाणवठ्यावरून हाकललं, पण सणातून नाही. सणात आम्हाला जागा होती. ठरवून दिलेली, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली जागा होती. आणि रोग तिथंच आहे.

पोळ्याला तोरणाखाली बैल जायचे ते मानानं. पाटलाची जोडी पुढं, मग त्याच्या खालचे, मग त्याच्याही खालचे. या मानावरून गावात डोकी फुटलेली आहेत. महाराकडं बैलच नसायचा, त्यानं मातीचे बैल करायचे. शिमग्याला लाकडं फोडायची आम्ही. काही गावांत तर होळीचा विस्तवच महारवाड्यातून न्यायची चाल होती. म्हणजे आमच्या हातचं पाणी बाटत होतं, आमच्या हातची आग चालत होती. दसऱ्याला रेडा मारायचा, तो धरायला आम्ही, त्याच्या रक्तातला भात गावाच्या शिवेवर टाकत फिरायला आम्ही. गावाची इडापिडा आमच्या डोक्यावरून शिवेबाहेर जायची. आणि प्रत्येक सणाच्या संध्याकाळी आमच्या बायका, पोरं टोपलं घेऊन दारोदार. वरून टाकलेली पोळी, अंतर राखून ओतलेली आमटी. त्याला गाव ‘हक्क’ म्हणायचं आणि आमची म्हातारी माणसंही ‘हक्क’ म्हणायची. उष्ट्याला हक्क म्हणायला लावणारी भाषा ज्यांनी घडवली, त्यांच्या बुद्धीला दाद द्यावी लागेल.

ग्रहणाचं तर विचारूच नका. राहू-केतू आमच्या जातीचे, ते चंद्रसूर्याला गिळतात, म्हणून आम्हाला दान दिलं की सुटका. ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी मारत महार-मांग गल्लीतून फिरायचे. जुनेर, मूठभर धान्य मिळायचं. म्हणजे आभाळातल्या सावलीचा गुन्हासुद्धा आमच्या नावावर मांडलेला.

याहून भारी गोष्ट ग्रंथांत आहे. कमलाकर भट्टाचा निर्णयसिंधु हा १६१२ सालचा ग्रंथ, कोणत्या तिथीला काय करावं याचा निवाडा देणारा. त्यात पुराणाच्या आधारानं होळीच्या दुसऱ्या दिवसाचा एक विधी आहे. त्या दिवशी श्वपचाला, म्हणजे चांडाळाला, शिवावं आणि मग आंघोळ करावी, म्हणजे पाप आणि रोगराई दूर राहते. हे दोनदा वाचा. वर्षातून एक दिवस आमचा स्पर्श पुण्याचा! आणि पुण्याचा कशासाठी, तर त्यानंतर आंघोळ करायची म्हणून. मला जर कुणी विचारलं की हिंदू सण म्हणजे काय ते एका ओळीत सांग, तर मी हा विधी सांगीन. यात द्वेष नाही, शिवीगाळ नाही. उलट आमची गरज आहे. आम्ही नसलो तर त्यांचा सण पुरा होत नाही. आम्ही घाण म्हणून हवेत.

शहरात हे बदललं असं म्हणाल तर १९२६ सालचं दादर आठवा. तिथल्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यालाही पूजा करू द्या, अशी मागणी झाली. मागणीमागं प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले, स्वतः बाबासाहेब. बराच दंगा झाल्यावर तोडगा निघाला. आधी ब्राह्मण पुजाऱ्यानं पूजा करायची, मग अस्पृश्य माणसानं फुलांचा गुच्छ त्या पुजाऱ्याच्या हातात द्यायचा, आणि पुजाऱ्यानं तो मूर्तीला वाहायचा. नाव ‘सार्वजनिक’, आणि फुलाला मध्ये दलाल.

तेव्हा सण सोडायचा म्हणजे ही जागा सोडायची. पुरण नाही, जागा. हे नीट कळलं की बाबासाहेबांचा रस्ता सरळ दिसतो. २ मार्च १९३० ला नाशिकचा काळाराम सत्याग्रह सुरू झाला, आणि महिनाभरानं रामनवमीच्या रथावरून आमच्या लोकांची डोकी फुटली. रथाला हात लावायचा होता. रामासाठी? नाही. पुढं १९३४ मध्ये भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी साफ सांगून टाकलं की, मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी ही चळवळ केली नाही, आपल्या माणसांना त्यांची अवस्था कळावी म्हणून केली. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. आणि एकवीस वर्षांनी दीक्षेला दिवस कोणता निवडला? विजयादशमी. दसरा. ज्या दिवशी आम्ही गावाचा रेडा धरायचो, तोच दिवस.

आता त्या बावीस प्रतिज्ञा पंचांगावर ठेवून वाचा. ब्रह्मा-विष्णू-महेश गेले, तिथं महाशिवरात्र आणि एकादश्या गेल्या. राम-कृष्ण गेले, रामनवमी आणि गोकुळाष्टमी गेली. गौरी-गणपती तर नाव घेऊन काढलेत, तिथं भादव्याचा पहिला पंधरवडा गेला. श्राद्ध, पिंडदान गेलं, तिथं दुसरा पंधरवडा गेला. ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी नाही, म्हणजे उरलेलं बरंच काही गेलं. बाबासाहेबांनी हे वर्ष महिन्या-महिन्यानं सोलून काढलंय. पण पुरणाचं, तिळगुळाचं, आकाशकंदिलाचं नाव त्यात कुठंही नाही. म्हातारीचा मुद्दा तिथपर्यंत खरा आहे.

तिथपर्यंतच. कारण पुरणाला मी एक प्रश्न विचारतो. पहिलं ताट कुणापुढं ठेवलं? देव्हाऱ्यापुढं निवद दाखवला, पितरांच्या नावानं कावळ्याला टाकलं, पाटलाच्या घरून यायची वाट बघितली, तर ते पुरण जुनंच आहे. डाळ शिजवली, वाटली, घरातल्यांनी एका ओळीत बसून खाल्ली, तर ते जेवण आहे. जेवणाला धर्म नसतो. जेवणाच्या क्रमाला असतो. (बायका शेवटी जेवतात ते आपल्या घरांतही, ही गोष्ट इथं जाता जाता लिहून ठेवतो. कार्यकर्त्यांनी रागवू नये, घरी जाऊन बघावं.)

आता चंद्राचं. आपले काही मित्र म्हणतात, तिथीचं काही नको, सगळं तारखेनं करा. दीक्षाभूमीवर दसऱ्याला लाखो लोक जमतात, ते तिथीनं. १४ ऑक्टोबरला तारखेनं मानणारेही आहेत, आणि दोघांत वाद होतात. मला त्यात फारसा जीव वाटत नाही. तिथीला हिंदू म्हणायचं तर वैशाख पौर्णिमेचं काय करायचं? आषाढ पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास लागतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. इकडं आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी त्यांचा चातुर्मास. दोन्हींच्या मुळाशी पाऊस आहे. पावसात वाट चालता येत नाही, फिरस्ता साधू एका ठिकाणी थांबतो. चंद्र कुणाच्या मालकीचा नाही, पाऊस तर नाहीच. आपल्या किती तरी घरांत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ‘कालनिर्णय’ लटकतं आणि त्यात संकष्टी लाल-काळ्या अक्षरांत छापलेली असते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपली कॅलेंडरं विकायला असतात, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी ती घ्या एवढंच म्हणतो. भिंतीवर रोज जे दिसतं ते पोरांच्या डोक्यात जातं.

आणखी एक वाट काहींनी धरलीय. त्यांचा प्रत्येक राक्षस आपला. बळी आपला, रावण आपला, महिषासुर आपला. सण उलटा करायचा. याची मुळं मोठी आहेत. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त वामनाची गोष्ट उलटी वाचून दाखवली. दिवाळीत कुणबी बाई ओवाळताना ‘इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणते, ते का, हे तिला पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर जोतीबांनी. पण जोतीबांना बळीचं देऊळ बांधायचं नव्हतं. शेतकऱ्याला कळेल अशा गोष्टीतून त्याला त्याची गुलामी दाखवायची होती. आज आपण ज्या आवेशानं राक्षसांच्या जयंत्या शोधतो, त्यात मला एक धोका दिसतो. भांडण पुराणातच राहतं. मैदान त्यांचं, सोंगट्या त्यांच्या, आपण फक्त बाजू बदलतो.

खरा अवघड प्रश्न सणांचा नाही, भक्तीचा आहे. पंढरपूरचा आहे.

रमाईंना पंढरपूरला जायची ओढ होती. बाबासाहेबांनी नेलं नाही. ज्या देवळात आपल्या माणसाला बाहेरून दर्शन घ्यावं लागतं तिथं कशाला, आपण आपलं दुसरं पंढरपूर उभं करू, असं त्यांचं म्हणणं होतं. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. येवल्याची घोषणा त्यानंतर साडेचार महिन्यांनी. ज्या बाईनं शेणी थापल्या, लेकरं मातीआड केली, तिची एक इच्छा. ती नाकारणं न्यायाचं होतं का? पुष्कळ आंबेडकरी माणसं या प्रश्नाला हातच लावत नाहीत, जणू विचारलं की बाबासाहेब लहान होतात. मी विचारतो. आणि मला वाटतं, नाकारणं बरोबर होतं, कारण त्यांनी नाकारली ती पायरीबाहेरची जागा. रमाईंचे उपासतापास त्यांनी मोडले नाहीत, देव फेकून दिले नाहीत. नवरेपणाच्या जोरावर ते करता आलं असतं. त्या काळात कुणी नावंही ठेवली नसती.

त्या पायरीबाहेर कोण आहे? चोखामेळा. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून मेलेला वेठीचा मजूर. त्याची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. आषाढीला लाखो वारकरी तिच्यापुढनं आत जायचे, आणि चोख्याच्या जातीची माणसं तिथंच थांबायची. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपास केला तेव्हा ते दार उघडलं. बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क सुप्रीम कोर्टात संपायला २०१४ साल उजाडलं. नंतर मंदिर समितीनं सर्व जातींतून पुजारी नेमायला अर्ज मागवले. झालं ते चांगलंच झालं. पण आपण तिथं जायचं का?

बाबासाहेबांनी पंढरपूर नाकारलं, आणि १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण’ हा ग्रंथ लिहिला तो तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास, चोखामेळा. हे आपल्याकडं फार कमी पोरांना माहीत असतं. चोख्याला ‘शरणागत’ म्हणून दोन मिनिटांत निकालात काढणाऱ्यांनी यावर थोडं थांबावं. चोख्याच्या घरातच सोयराबाई देहाच्या विटाळावर प्रश्न टाकते, त्याचा मुलगा कर्ममेळा देवाशी उघड भांडतो, की मला या जन्माला घालून तू काय साधलंस. ते भांडण देवाच्या दारात झालं कारण त्या काळात दुसरं दार नव्हतं. आपल्याला आहे. म्हणून त्यांचं भांडण घ्यायचं आणि दार सोडायचं. मूर्ती बुद्धाची आहे असं बाबासाहेब १९५४ साली देहूरोडच्या भाषणात म्हणाले होते. असेलही. ज्यांनी हे सिद्ध करायचं ते करोत. तरीही दगड कुणाचा आहे यावरून मी वारीला जायचं की नाही हे ठरत नाही.

आता दुसरा प्रश्न, नीतीचा. मी सोडलं, आईनं सोडलं नाही. तिचा देव्हारा मी फोडू का?

१९५६ नंतर गावोगाव आपल्या माणसांनी देव गोळा केले आणि नदीत, विहिरीत सोडले. मरीआई, खंडोबा, टाक, परड्या. अभिमान वाटावा असंच ते होतं, कारण ज्यानं पुजले त्यानंच सोडले. आज काही कार्यकर्ते दुसऱ्याच्या घरात शिरून तसबिरी उचलतात. प्रतिज्ञांची नुसती वाक्यरचना बघा. ‘मी मानणार नाही’, ‘मी करणार नाही’. बावीसच्या बावीस एकवचनी, प्रथमपुरुषी. दीक्षाभूमीवर लाखो माणसं होती, तरी प्रत्येकानं ‘मी’ म्हटलं. ‘आम्ही’सुद्धा नाही. मी दुसऱ्याला मानू देणार नाही, अशी तेविसावी प्रतिज्ञा कुठं आहे? शपथ दुसऱ्याच्या वतीनं घेता येत नाही. घेतली तर ती शपथ राहत नाही, हुकूम होतो. आणि हुकुमानं पाळायचा धर्म आपण नुकताच टाकून आलोय.

मग म्हातारीला तसंच सोडायचं? नाही. तिच्याशी बोलायचं. पण बोलायच्या आधी तिला सणानं काय दिलं ते समजून घ्यायचं. वर्षभर दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईला सण म्हणजे रोजगार बंदचा दिवस, तेलाचा थेंब, गुळाचा खडा, माहेरहून येणारा भाऊ, चार बायकांबरोबर गाणं. देव त्या मागनं यायचा. आपण तो दिवस काढून घेतला आणि बदल्यात काय दिलं? पांढरी साडी, वंदना, आणि सभेत मागच्या रांगेत बसून तीन तासांचं भाषण. चौदा एप्रिलला तिच्या दारापुढं सात दिवस डीजे. तोच कर्णा, तीच दमदाटीची वर्गणी, आणि मिरवणुकीत दारू पिऊन नाचणारी पोरं, दारूविरुद्धची प्रतिज्ञा छातीवर छापून. गणपतीच्या मांडवातला आणि आपल्या मांडवातला फरक तिनं कसा ओळखायचा? फोटोवरून?

पोरांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. पोरगं गणपती मागतं म्हणून बौद्धाच्या घरात गणपती बसवायचा, हे मला चालत नाही. पोराला देव नको असतो. त्याला दिवे, ताशा, मोदक, दहा दिवस रात्री जागायची मुभा हवी असते. ते सगळं वैशाख पौर्णिमेला द्या. मोदकाला हरकत नाही.

एक गोष्ट उरली, ती सगळ्यात टोचणारी आहे. आपण गावकीची कामं सोडली. १९५८ च्या कायद्यानं महार वतनं गेली. येसकरकी गेली, मेलेली ढोरं ओढणं थांबलं. जत्रेत पुढं चालणं सोडलं, म्हणून कितीक गावांनी बहिष्कार घातला, तो आपण सोसला. पण गावाचा सण थांबला का? आपण मोकळी केलेली जागा रिकामी राहिली नाही. हलगी मांगाच्या गळ्यात आधीच होती, आता आपलीही कामं त्याच्या अंगावर आली. पोतराज म्हणून अंगावर आसूड ओढणारा आजही बहुतेक मातंगाच्या घरचा असतो. आणि आपण पुढारलेले म्हणून त्याच्याकडं बघून हसतो, ‘अजून देवाच्या नादात आहेत’ म्हणतो. सणातली जागा वाईट होती म्हणून आपण सोडली. मग तिथं दुसरा उभा राहिला तर ती चांगली झाली का? मातंग वस्तीत जाऊन, त्यांच्या पोरांबरोबर बसून हे बोलणारे आपल्यात किती आहेत? मखराच्या भांडणाला जेवढे जातात त्याच्या दहावा हिस्सा तरी?

परवा एका शिबिरात एका मुलीनं विचारलं, शेजारची मराठीण दिवाळीचं फराळ पाठवते, घ्यायचं की नाही? शिबिरात लगेच दोन तट पडले. मी तिला म्हटलं, आधी तू वैशाख पौर्णिमेची खीर तिच्याकडं पाठव. झाकण लावून, पोराच्या हातनं नाही, स्वतः घेऊन जा. खाल्ली तर फराळ घे, तिच्या स्वयंपाकघरात बसून खा. प्रसाद म्हणून दिलं तर परत कर, फराळ म्हणून दिलं तर घे. तुम्हीही पाठवून बघा. डबा धुऊन परत येतो की खीर कुत्र्याला घालून विसळलेला, हे ओळखायला आपल्या आया चांगल्या शिकलेल्या आहेत. त्यांना विचारा आणि इकडं पत्रानं कळवा, गावाच्या नावासकट.